रंगपंचमीचं बाळंतपण

माझा मुलगा मला धुतलेला मिळाला. म्हणजे असं, की तो जन्मला तेव्हा मी इथे इंदूरला मिलमध्ये मागावर उभा होतो आणि बायको बऱ्हाणपूरला तिच्या माहेरी होती. मेव्हणा सांगायला आला, मी मिलच्या फाटकावर पेढे वाटले, आणि सव्वा महिन्यानं जाऊन बघितलं तर पावडर लावलेलं, काजळ घातलेलं, टोपडं बांधलेलं एक गाठोडं माझ्या हातात ठेवलं. मुलीच्या वेळीही तेच. ते कसं आलं, आल्या आल्या कसं दिसत होतं, हे मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही. आमच्यात पुरुषानं ते विचारायचं नसतं. बाळंतिणीच्या खोलीकडे पाठ करून बसायचं, ही रीत. माझा बाप तसाच बसला असणार, त्याचा बापही. यात काही कमी आहे असं मला कधी वाटलं नाही आणि आजही मी कुणाची माफी मागायला हे लिहीत नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. पण या म्हातारपणी मी जे बघितलं ते नुसतं डोक्यात घेऊन जावं हे मला पटत नाही, म्हणून लिहितो.

बड़ा गणपतीच्या मागे आमचं घर. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा कंपनीच्या कामानं महिनोन्‌महिने बाहेर असतो. घरात मी आणि सून, आणि सुनेनं आणलेली एक पांढरी पामेरियन कुत्री. आणताना माझी मर्जी विचारली नव्हती. तिला त्यांनी काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं, ते माझ्या तोंडात बसेना, म्हणून मी तिला ‘बाई’ म्हणायचो. बाई माझ्याच खाटेखाली झोपायची. सकाळी मी पोहे खायला बसलो की समोर येऊन बसायची आणि शेवेकडे बघायची. एवढं सगळं चालायचं, पण जीभ लावलेली मला चालायची नाही. तिनं हात चाटायला तोंड पुढे केलं की मी हात मागे घ्यायचो. मिलमधून आल्यावर कोपरापर्यंत हात घासून धुतल्याशिवाय मी कधी घरातल्या भांड्याला शिवलो नाही. ती सवय अजून आहे.

थंडीत एकदा दूधवाला आला तेव्हा दार उघडं राहिलं आणि बाई गल्लीत जाऊन आली. कोपऱ्यावर कचोरीवाल्याच्या गाडीखाली एक काळा कुत्रा असतो, वासराएवढा. पुढे बाईचं पोट दिसायला लागलं तेव्हा हिशोब लागला. सून तिला विजय नगरच्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथे मशिनीवर बघितलं, पिल्लं तीन आहेत म्हणाले.

“बाबा, डॉक्टर म्हणत होत्या, बाप मोठा आहे आणि ही एवढीशी. पिल्लू अडकू शकतं.”

“कुत्रीचं बाळंतपण कुत्री करते,” मी म्हणालो. “गल्लीत दरसाल किती जन्मतात. कोण डॉक्टर येतो त्यांच्याकडे?”

“गल्लीत मरतात किती, ते कोण बघतं बाबा?”

ही माझी सून. बोलते कमी, पण बोलली की समोरच्याला दाराबाहेर उभं करते.

दिवस भरत आले तसं मी माझ्या परीनं सगळं केलं. जिन्याखालची जागा रिकामी केली, शेणानं सारवता आली नाही, फरशी होती, पण फिनाईलनं पुसली. खाली गोणपाट, वर जुनी मऊ लुगडी. आणि समोर पडदा लावला. तो पडदा म्हणजे आमच्या मिलची चादर. मिल बंद पडायच्या आधीची, घट्ट विणीची. आजच्या कापडात तसलं सूत सापडत नाही. सून म्हणाली, “बाबा, पडदा कशाला? लक्ष कसं ठेवणार?” मी म्हणालो, “बाळंतिणीला आडोसा पाहिजे.” ती हसली. मी हसलो नाही.

आणि नेमकं आलं ते रंगपंचमीला. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो: होळीला आमचं शहर हात भिजवतं, खरं न्हातं ते रंगपंचमीला. त्या दिवशी गेर निघते. टँकर, ट्रक, ढोल, आणि गुलाल तिसऱ्या मजल्यापर्यंत उडवणाऱ्या मशिनी, आणि त्यांच्या मागेपुढे माणसंच माणसं, राजवाड्यापर्यंत. सगळ्या इंदूरला सुट्टी. पण सुनेचे साहेब बसतात अमेरिकेत, त्यांना रंगपंचमी काय ठाऊक? तिला ऑफिसला जाणं भाग होतं. आदल्या संध्याकाळी तिनं थर्मामीटर लावून बघितला होता, बाईच्या अंगाची ऊब उतरलीय, म्हणजे आज-उद्याच. रस्ते बंद व्हायच्या आधी ती स्कूटर काढून निघाली. हेल्मेट हातात घेऊन दारात उभी राहिली.

“बाबा, थोड्या थोड्या वेळानं बघायचं हं. जोर देतेय आणि पिल्लू येत नाही असं वाटलं तर लगेच फोन.”

“जा तू. मला शिकवू नकोस.”

“शिकवत नाहीये. तुमच्यावर सोडून जातेय.”

“मग सोड आणि जा.”

शब्द दिला म्हणजे दिला. मी दाराला आतून कडी घातली, स्टूल घेतलं आणि पडद्यासमोर बसलो. समोर म्हणजे, पाठ करून. अख्ख्या मिलचा पहारेकरी बसावा तसा बसलो. मांजर येऊ देणार नाही, पोरं येऊ देणार नाही, आवाज होऊ देणार नाही. आत बाई धापा टाकत होती, लुगडी ओरबाडत होती, मधेच कण्हत होती. ते मी सगळं ऐकत होतो. सुनेचा फोन आला, “बघितलंत का?” मी म्हणालो, “सगळं ठीक आहे.” माझ्या मते ते खरं होतं. लक्ष ठेवणं म्हणजे पडदा उचलून बघणं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बायका बाळंत होतात तेव्हा पुरुष बाहेर बसतो आणि बाळाचं रडणं ऐकू येईपर्यंत बसतो.

बाहेर ढोल वाढले. गल्लीतली पोरं दारावर पाणी मारून गेली. थोड्या वेळानं मला पायाजवळ काळपट हिरवं पाणी दिसलं. मला वाटलं, दाराखालून रंग आत आला. “घ्या, घर पण खेळायला निघालं,” असं म्हणत मी फडकं आणलं आणि वाकून पुसायला लागलो. पुसता पुसता लक्षात आलं की फरशी दाराकडून कोरडी आहे. ओल पडद्याकडून येत होती.

मी पडदा उचलला.

बाई आडवी पडली होती. जीभ बाहेर. पोट दगडासारखं घट्ट व्हायचं, तिच्या पाठीची कमान व्हायची, आणि मग काहीच न होता सगळं सैल पडायचं. पिल्लू एकही नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. भुंकली नाही, शेपूट हलवलं नाही, नुसतं बघितलं.

फोनवर मी ‘हिरवं’ एवढाच शब्द बोललो असेन. सून म्हणाली, “बाबा, तिला उचला आणि निघा. हिरवं म्हणजे आत वार सुटलीय, पिल्लांना श्वास नाही. माझं ऑफिस दवाखान्याच्या जवळ आहे, मी पुढे पोचते.”

“बाहेर गेर आहे.”

“मग गेरमधून या!”

मी पडदा खसकन ओढून काढला, बाईला त्यात गुंडाळलं आणि दार उघडलं.

मी रंग खेळत नाही. तरुणपणी खेळलो, मग सोडलं. रंगपंचमीला मी पांढरा सदरा घालून घरात बसतो, मुद्दाम पांढरा, आणि कुणाची हिंमत होत नाही. त्या दिवशी तोच सदरा घालून मी त्या गर्दीत उतरलो. गल्लीच्या तोंडाशी तर भिंत होती माणसांची. रुपेरी तोंडं, काळी तोंडं, दात तेवढे पांढरे. वरून गुलाल बरसत होता, ऊन लाल झालं होतं. ‘हटा, सरका’ कुणाला ऐकू जाणार? तेव्हा माझ्या तोंडून मालवी बायका म्हणतात तो शब्द निघाला. जापा म्हणजे बाळंतपण. मी ओरडलो, “जापेवाली है! रस्ता दो! जापेवाली है!”

समोर एक रुपेरी रंग फासलेला दांडगा पोरगा होता. तो इकडेतिकडे बघायला लागला. “कहाँ है काका? भाभी कहाँ है?”

मी चादरीचं टोक बाजूला केलं. बाईचं नाक बाहेर आलं.

“अरे भिया, ये तो कुत्ती है!”

“तो? कुत्ती का जापा नी होता क्या?”

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता हसतील, आता डोक्यावर बादली येईल. हसले, नाही असं नाही. पण त्या पोरानं दोन्ही हात वर केले आणि मागे तोंड करून असा आवाज दिला की ढोलाच्या वर गेला, “ऐ, पाइप बंद कर! पाइप बंद कर रे! जच्चा निकल री है!”

आणि पाइप बंद झाला. मी खोटं लिहीत नाही. टँकरवरचा माणूस खाली बघायला लागला. कुणीतरी एक प्लास्टिकचा फ्लेक्स फाडून आणला, चौघांनी चार टोकं धरून आमच्या डोक्यावर ताणला, आणि मी त्याच्याखालून चाललो. पुढे तो रुपेरी पोरगा, “जच्चा है, जच्चा है”, बाळंतीण आहे, करत वाट काढत होता. जिथे आम्ही पोचायचो तिथला ढोल थांबायचा आणि आम्ही पुढे गेलो की पुन्हा सुरू व्हायचा. जणू शांततेचा एक तुकडा आमच्याबरोबर चालत होता. म्हाताऱ्या बाया ओट्यावरून हात जोडत होत्या. त्यांना वाटलं असेल काहीतरी देवाचं चाललंय. गर्दी संपली तिथे त्या पोरानं एका रिक्षात मला बसवलं आणि रिक्षावाल्याला दम दिला, “बाणगंगा तरफ से घुमा के ले जा. और झटके मत देना, समझा?”

रिक्षात बसल्यावर मी स्वतःकडे बघितलं. डोक्यापासून चपलांपर्यंत मी रंगलो होतो. हात गुलाबी, हिरवे. चादर उलगडून बघितली. बाई पांढरीच्या पांढरी. एक शिंतोडा तिच्यावर पडू दिला नव्हता त्यांनी.

दवाखान्याच्या दारात सून उभी होती. तिनं बाईला माझ्या हातातून घेतलं नाही, नुसता माझ्या पाठीला हात लावून आम्हाला आत नेलं. आतली डॉक्टरीण, बुटकीशी, केस घट्ट बांधलेली, बाईला टेबलावर घेऊन तपासता तपासता बोलत होती.

“कब से ज़ोर लगा रही है?”

“सकाळपासून. सुबह से.”

“और आप क्या कर रहे थे?”

“बाहर बैठा था.”

“किसके बाहर?”

“पर्दे के.”

डॉक्टरणीनं मान वर केली. सुनेनं पण माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. बोलली असती तर मी दोन शब्द परत दिले असते आणि मला बरं वाटलं असतं. पण ती बोललीच नाही. तिनं खालचा ओठ दातात धरला होता आणि बाईच्या कानामागे बोट फिरवत होती. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली. बाई गेली तर ही मला काही म्हणणार नाही, आणि तेच मला आयुष्यभर ऐकावं लागेल.

बाईच्या पोटावर जेल लावून डॉक्टरणीनं मशिनीचा दांडा फिरवला. पडद्यावर राखेसारखं काहीतरी ढवळत होतं. मग तिनं एका जागी बोट ठेवलं. तुरीच्या दाण्याएवढं काहीतरी लुकलुकत होतं. विझायचं, पेटायचं.

“ये दिल है. धीमा हो गया है.” दांडा सरकवला. “ये दूसरा.” आणखी सरकवला, थांबली, पुन्हा बघितलं. तिथे काही लुकलुकत नव्हतं. “जो आगे फँसा है, वो गया. अभी खोलना पड़ेगा, तो बाकी दो और माँ की बात है.”

मी त्या दाण्याकडे बघत होतो. बंद पोटाच्या आत, अजून न जन्मलेल्या जिवाचं काळीज, आणि ते मला, पडद्याकडे पाठ करून बसलेल्या माणसाला, असं समोर दिसावं! आमच्या मिलमध्ये नवीन मशीन आली तेव्हा लोक तिला हार घालायचे. मला त्या दांड्याला हार घालावासा वाटला.

ऑपरेशनच्या तयारीला लागता लागता डॉक्टरीण दुसऱ्या डॉक्टरला काहीतरी बोलली. हा जाड भिंगाचा चष्मा लावलेला, डोक्यावर केस कमी असलेला. तो बाहेर आला.

“आज आधा स्टाफ गेर में है. मैडम काटेंगी, मैं माँ की साँस देखूँगा. पिल्ले बाहर आएँगे तो रगड़ने को हाथ चाहिए. मैडमजी, आप एक.” हे सुनेला. मग माझ्याकडे बघितलं. “और...”

“बाबा नाही येणार आत,” सून म्हणाली. रागानं नाही, तिला खरंच तसं वाटलं.

“कोण म्हणालं?” मी म्हणालो.

हात धुवायला नळावर उभं केलं. मी घासतोय, घासतोय, गुलाबी जाईना. लाजिरवाणं झालं. चष्मेवाला डॉक्टर म्हणाला, “बाबूजी, रंग रहने दो. वो तो हफ़्ते भर नी जाएगा. मैल गया कि नहीं, बस वो.” मग त्यानं माझ्या हातात पांढरा पंचा दिला. मी सवयीनं अंगठ्याखाली धरून वीण बघितली. तो म्हणाला, “क्या देख रहे हो?” मी म्हणालो, “ठीक है. पानी पिएगा.”

आत थंड होतं. दिवा असा की सावलीच पडत नव्हती. बाईच्या घशात नळी घातली होती आणि नळीला रबराची काळी थैली. ती फुगायची, बसायची. बाईचा श्वास बाईच्या बाहेर आला होता. मी तो टेबलावर फुगताना बघत होतो. पोटाचे केस काढलेले, कातडी गुलाबी, तान्ह्या पोरासारखी. डॉक्टरणीनं एक रेघ ओढली, अगदी कापड फाडण्याआधी कारागीर नखानं ओढतो तशी, आणि ती रेघ उघडली. रक्त मी मिलमध्ये बघितलंय, पट्ट्यात हात गेलेले बघितलेत. तसलं काही नव्हतं हे. हे सगळं थरांत होतं. थराखाली थर, प्रत्येक वेगळा, प्रत्येकाची चमक वेगळी, आणि तिची बोटं कुठेही घाई न करता घाईनं चालली होती. मग तिनं आतून गर्भाची पिशवी बाहेर काढली. ओली, जांभळट, शिंगांसारखी दोन बाजूंना गेलेली. आत गाठी होत्या. एक गाठ हलली.

 

पहिलं आलं ते गेलेलं. मोठं होतं, काळं, बापावर गेलेलं. डॉक्टरणीनं ते बाजूला कपड्यावर ठेवलं, आणि तिचा हात त्याच्यावर जरा थांबला, मग पुन्हा आत गेला. दुसरं आलं. चष्मेवाल्यानं तोंडावरची पातळ पिशवी फाडली, रबरी फुग्यानं नाकातोंडातलं पाणी ओढलं आणि सुनेच्या पंच्यात टाकलं. “रगड़ो!” सून रगडायला लागली. थोड्याच वेळात त्या पंच्यातून असा आवाज आला, दाराच्या बिजागरीसारखा. सून रडायला लागली आणि रगडत राहिली.

तिसरं माझ्या पंच्यात आलं.

काय सांगू कसं होतं ते. ओलं, चिकट, हिरव्या-काळ्या पाण्यानं माखलेलं, नाळ लोंबत असलेलं. उंदराएवढं, पण जड. गरम. तोंड मिटलेलं, डोळे मिटलेले, पाय लोंबते. मी रगडायला लागलो, पण हात चालेना. हे हात कापडाचे तागे उचलणारे. मला वाटलं दाबलं तर फुटेल. मी नुसतं पुसत होतो.

“रगड़ो बाबूजी, ज़ोर से! पुचकार रहे हो क्या?”

मी जोर लावला. पाठीवर, बरगड्यांवर. काही नाही. श्वास नाही. आणखी रगडलं. नाही. जीभ निळी दिसत होती. मी आयुष्यात बरीच माणसं जाताना बघितली आहेत, आईपासून बायकोपर्यंत. श्वास थांबला की संपलं, हे मला कुणी शिकवायला नको. मी थांबलो. पंच्याचं टोक उचललं आणि त्याच्या तोंडावर घातलं. हात आपोआपच गेला. आपल्याकडे तसंच करतात.

“मुँह क्यूँ ढँका?” डॉक्टरीण. तिचे हात बाईच्या पोटात होते, डोळे माझ्यावर. “किसने बोला ढँकने को? खोलो!”

“नहीं है इसमें कुछ,” मी म्हणालो.

चष्मेवाला आला. त्यानं पंचा उडवला, माझा अंगठा आणि पहिलं बोट धरलं, आणि त्या पिल्लाच्या छातीवर दोन्ही बाजूंनी ठेवलं. असं, चिमटीत. “चुप. देखो.”

मी चुप झालो. आणि बोटांना लागलं. टक. मग खूप वेळ काही नाही. मग टक.

“चल रहा है?”

“चल रहा है,” मी म्हणालो.

“तो फिर? साँस नहीं आई है, जान कहाँ गई है?”

हे वाक्य मी अजून डोक्यात घेऊन फिरतो. श्वास म्हणजेच जीव, असं मी धरून चाललो होतो. इथे श्वास अजून सुरूच झाला नव्हता, आणि आत कुणीतरी एकटं, अंधारात, दारावर ठोके देत बसलं होतं. ते माझ्या दोन बोटांच्या मध्ये होतं. मी त्याच्यावर पडदा टाकला होता.

चष्मेवाल्यानं एक सुई घेतली. केसासारखी बारीक. पिल्लाच्या नाकाच्या खाली, वरच्या ओठाच्या मधोमध जी रेघ असते, तिथे ती टोचली आणि जरा फिरवली. बस, एवढंच. मी विचारणार होतो की हे काय, तेवढ्यात पिल्लानं तोंड उघडलं. नुसतं उघडलं, जांभईसारखं, आवाज नाही. छाती आत ओढली गेली. पुन्हा मिटलं.

“आई साँस! अब रगड़ो!”

आता मी रगडलं. आता मला कुणी सांगायला नको होतं. मिलमध्ये मी कधी कुठला माग सोडला नाही, पण असा कधी उभा राहिलो नव्हतो. पुन्हा तोंड उघडलं. पुन्हा. प्रत्येक वेळी मधलं अंतर कमी. छातीतली टक टक जवळ जवळ यायला लागली, जसा माग सुरू करताना आधी सुटा सुटा ठोका पडतो आणि मग तो एकच होऊन जातो. निळी जीभ माझ्या डोळ्यांसमोर गुलाबी झाली. कुणीतरी आतून दिवा वर करावा तशी. आणि मग ते ओरडलं. पिल्लाचं ओरडणं कसलं, घोषणा होती ती.

मी ओरडलो की नाही मला आठवत नाही. सून म्हणते, ओरडलात. मी म्हणतो, नाही.

डॉक्टरीण तोपर्यंत शिवायला लागली होती. थरामागून थर, जसे उघडले तसे मिटत गेली, आणि शेवटी पोटावर एक सरळ शिवण राहिली. मी ती शिवण बघितली. टाक्याला टाका समान. मी काही म्हणालो नाही, तिला माझ्या सर्टिफिकेटची गरज नव्हती. पण मी मान डोलावली आणि तिनं ती बघितली.

मग बाईला बाजूच्या खोलीत गरम गादीवर ठेवलं. नळी काढली. काळी थैली बाजूला पडली, आणि श्वास पुन्हा बाईच्या आत गेला. चष्मेवाला म्हणाला, “अब एक काम बाकी है. ऑपरेशन वाली माँ सोते-सोते माँ बनती है. उठके कभी-कभी बच्चे को पहचानती नहीं. भगा देती है, काट भी लेती है. नहलाना मत इनको. जो गंध है वही रहने दो.”

बाई जागी होत होती. डोळे उघडे, पण त्यात कुणी नव्हतं. सुनेनं तिचं पिल्लू बाईच्या पोटाशी लावलं. बाईनं मान उचलली, त्याच्याकडे बघितलं आणि घशातून गुरगुरली. ओठ वर गेला. सुनेनं पटकन पिल्लू उचललं. माझ्याकडे बघितलं तिनं. आत्तापर्यंत जे जे वाचलं होतं ते सगळं त्या गुरगुरण्यापाशी येऊन थांबलं होतं. आईच नको म्हणाली तर एवढ्याशा जिवांना कोण जगवणार?

माझं पिल्लू माझ्या ओंजळीत होतं. मी खाली बसलो. गुडघे बोलले, बोलू देत म्हणालो. ओंजळ तशीच बाईच्या तोंडासमोर धरली. “बघ गं बाई,” मी म्हणालो. “आता मी पण बघतोय.”

तिचं नाक हललं. पिल्लाकडे नाही, माझ्या अंगठ्याकडे. अंगठ्यावर ते सगळं वाळलेलं होतं, तिच्याच पोटातलं. तिनं जीभ काढली आणि माझा अंगठा चाटला. मग तळवा. मग बोटांच्या बेचक्या, एक एक. रंग तसाच राहिला, पण बाकीचं ती चाटत गेली, सावकाश, गुंगीत, काहीतरी आठवत असल्यासारखी. चाटता चाटता तिची जीभ माझ्या बोटावरून पिल्लाच्या पाठीवर गेली. थांबली. नाक खुपसून वास घेतला. आणि मग तिनं त्या पिल्लाला असं चाटायला घेतलं की ते माझ्या ओंजळीत उलटंपालटं व्हायला लागलं.

“दूसरा भी दो, दूसरा भी,” चष्मेवाला हळूच म्हणाला. सुनेनं दुसरं ठेवलं. बाईनं त्यालाही घेतलं. दोघं लुचायला लागली तेव्हा खोलीत तेवढाच एक बारीक आवाज होता.

डॉक्टरीण दारात येऊन उभी होती. टोपी काढलेली, दमलेली. ती म्हणाली, “चलो, हो गया,” आणि गेली.

आम्ही किती वेळ बसलो माहीत नाही. मिलची चादर बाईच्या खाली होती, चुरगळलेली. सुनेनं पदरानं डोळे पुसायला घेतले, मग लक्षात आलं की तिनं पदर नाही, ऑफिसचा शर्ट घातलाय, बाहीनंच पुसले.

“बाबा,” ती म्हणाली, “तिकडे नळ आहे. हात धुवून घ्या.”

मी हात बघितले. गुलाबी, हिरवे, आणि वरून बाईची लाळ वाळत होती.

“राहू दे जरा,” मी म्हणालो.